ध्रुवाशेजारचा तारा

नवा तारा सापडणं ही मानवजातीच्या इतिहासातली फार मोठी घटना असते. असा तारा माणसाला नम्र करतो, विश्वाच्या पसाऱ्यात आपण किती क्षुद्र आहोत याची जाणीव करून देतो आणि शोधणाऱ्याचं नाव आभाळात कायमचं कोरून ठेवतो. हे सगळं मामाने शंकीला पत्राने कळवलं होतं. पत्राच्या खाली ताजा कलम होता : 'सुट्टीला येताना पोटाच्या गोळ्या आणा. इथे सगळ्यांचीच पोटं बिघडली आहेत.'

शंकी तेरा वर्षांची होती. चंद्र आपल्या गाडीच्या मागे मागे येतो, असं मामाने तिला लहानपणी सांगितलं तेव्हा तिने विचारलं होतं, "मग समोरून येणाऱ्या गाडीच्या मागे कोण जातो?" मामाने तिला शंकासुर म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून. पुढे त्याचं शंकी झालं आणि तेच टिकलं.

बुधवारी दुपारी ती आणि तिचा नऊ वर्षांचा भाऊ टिल्लू मामाकडे पोचले. खाली मामाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या, त्याच्या वर गच्ची. टिल्लू पोचल्या पोचल्या दोन पेले पाणी प्यायला. ही गोष्ट तेव्हा कोणाच्या लक्षात राहण्यासारखी नव्हती.

मामाचं आकाशावर प्रेम होतं. आकाशाचं मामावर होतं असं म्हणता येत नाही. एकदा त्याने मावळतीला जळतं विमान पाहून अग्निशमन दलाला फोन केला होता. दोन बंब घंटा वाजवत आले आणि शुक्र बघून परत गेले. नंतर एकदा त्याने सगळ्या वसाहतीला दुर्बिणीतून गुरू दाखवला. चाळीस माणसांनी रांग लावली, एकोणचाळीस जण 'सुंदर' म्हणाले, आणि चाळिसावीने, म्हणजे मामीने, दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण काढलं.

ती दुर्बीण मामाची नव्हती. आकाशप्रेमी मंडळाने ती त्याला वापरायला दिली होती. झाकणाच्या प्रकारानंतर मंडळाच्या अध्यक्षांचं पत्र आलं होतं. त्यात दोनच वाक्यं होती : 'आपल्यामुळे मंडळाचं हसं होत आहे. यापुढे एकही गोंधळ झाल्यास दुर्बीण परत घेण्यात येईल.' ते पत्र मामाने दुकानातल्या काचेखाली ठेवलं होतं, बंद पडलेल्या घड्याळांच्या शेजारी.

"आणि आता हेच अध्यक्ष रविवारी स्वतः येणार आहेत," मामा जेवताना म्हणाला. "तारा तपासायला."

"मामीचं नाव देणार ना त्याला?" टिल्लूने विचारलं.

"माझं नाव नको," मामी म्हणाली. "लोक पत्ता विचारत येतील."

रात्री आठला सगळे गच्चीवर गेले. शेजारची प्लंबरकाकांची मुलगीही आली. ती शंकीच्याच वयाची, आणि बाबांचा जुना पाना कायम खिशात घेऊन फिरायची, म्हणून तिला सगळे पानाच म्हणत. दुर्बीण उत्तरेकडे तोंड करून तिपाईवर उभी होती. तिपाईचे पाय विटांत घट्ट रोवलेले होते.

"ही हलत नाही?" शंकीने विचारलं.

"तारा हलत नाही, मग दुर्बीण कशाला हलवायची? ध्रुव रात्रभर एकाच जागी असतो. हा त्याच्या शेजारी आहे, म्हणून हाही असतो. दिवसा प्लास्टिक टाकायचं, रात्री काढायचं. काम संपलं." मामाने चष्मा काढून खिशात टाकला. दुर्बिणीला डोळा लावताना तो नेहमीच चष्मा काढायचा. चष्म्याशिवाय त्याला स्वतःच्या चपला दिसत नसत. त्यामुळे गच्चीवर आल्यापासून खाली जाईपर्यंत त्याला जे काही दिसायचं ते दुर्बिणीतूनच.

शंकीने डोळा लावला. काळ्या वर्तुळात एक स्वच्छ ठिपका होता, तो ध्रुव. त्याच्या थोडा वर दुसरा होता, पिवळट, जरा धूसर. तो लुकलुकत होता.

"कडा पुसट का आहेत?"

"नवजात तारा आहे. अंगावर अजून वाफ आहे."

"मामा, दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं असं तूच शिकवलंस ना?"

"अगदी बरोबर. डोकं खाली, पाय वर." मामा खूश झाला. मग तो वहीत लिहायला बसला. वही बघण्यासारखी होती. घड्याळवाल्याची वही ती. सतरा रात्रींच्या नोंदी, वेळ सेकंदापर्यंत, तेज किती, लुकलुक किती. एकही रात्र चुकलेली नव्हती.

"दोन रात्री तर हा पोट धरून जिना चढला," मामी म्हणाली.

मामाने ते ऐकलं नाही. तो अठरावी नोंद करत होता. गेल्या कित्येक वर्षांत शंकीने त्याला इतकं सुखी पाहिलं नव्हतं. म्हणून तिने पुढचा प्रश्न विचारला नाही. अंथरुणावर पडल्यावर मात्र तो प्रश्न तिच्या शेजारी येऊन झोपला. उलटं दिसतं म्हणजे वरचं खाली. म्हणजे मामाचा तारा ध्रुवाच्या वर नाही, खाली आहे. आणि ध्रुवाच्या खाली तर टेकडी आहे.

सकाळी नऊला मामा दुकानात गेला. शंकी, पाना आणि टिल्लू गच्चीवर गेले.

"दिवसा तारे दिसत नाहीत," टिल्लू म्हणाला. तो पोटावर हात धरून उभा होता.

"म्हणूनच बघायचंय," शंकी म्हणाली आणि तिने प्लास्टिक काढलं. डोळा लावून तिने फिरकी थोडीशी फिरवली. धूसर होतं ते लख्ख झालं.

सकाळी नऊ वाजता ताऱ्याला गंज चढलेला होता. त्याला बिजागरी होती. ते एक गोल लोखंडी झाकण होतं, उघडून उभं राहिलेलं, आणि त्याच्या खालून एक वायर आत गेली होती. शंकी बघत असताना एक कबूतर उलटं चालत आलं आणि आत शिरलं. ती बराच वेळ थांबली. ते बाहेर आलं नाही. मग दुसरं शिरलं.

"दे मला." पानाने डोळा लावला आणि लगेच काढला. दुर्बीण सोडून तिने नुसत्या डोळ्यांनी टेकडीकडे पाहिलं. टेकडीच्या माथ्यावर सगळ्या वसाहतीला पाणी पुरवणारी टाकी उभी होती, उंच खांबांवर. "टाकीचं झाकण आहे ते. आत पाण्याची पातळी दाखवणारा फुगा बिघडला होता, तेव्हा टाकीवाल्याने बाबांना मदतीला बोलावलं होतं. उजेडाला आत बल्ब सोडला होता. टाकीवाला म्हणाला, तुम्ही जा, मी लावतो झाकण."

"कधी?"

पानाने बोटं मोजली. "रविवार होता. त्याला आज एकोणिसावा दिवस."

"आणि झाकणाच्या आतल्या बाजूवर बल्बचा उजेड पडतो. खाली पाणी हलतं म्हणून तो लुकलुकतो." शंकीला तहान लागली होती, पण पाणी प्यावंसं वाटेना. "दर मंगळवारी तारा मंद होतो असं मामाने लिहिलंय. सात दिवसांचं स्पंदन, म्हणे."

"मंगळवारी टाकीत येणारं पाणी बंद असतं," पाना म्हणाली. "टाकी रिकामी होत जाते, उजेड परतवायला पाणी कमी."

टिल्लूने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे आपण काय पितोय?"

मग तो खाली पळाला. कशासाठी, ते विचारायची गरज नव्हती.

पाणीखात्याचं ऑफिस बाजाराच्या टोकाला होतं. एक लांब खोली, चार टेबलं, त्यातल्या तीन टेबलांवर कोणीच नाही. चौथ्यावर साहेब होते. त्यांच्यासमोर बंद बाटलीतलं पाणी होतं.

"झाकण उघडं आहे?" साहेबांनी हातातला पेपर खाली न ठेवता विचारलं. "शक्य नाही. रजिस्टर आहे." त्यांनी रजिस्टर पुढे सरकवलं. रोजची एकच ओळ होती : 'झाकण बंद. पाणी निर्मळ.' खाली टाकीवाल्याची सही.

शंकीने पान उलटलं. "साहेब, आज गुरुवार आहे. यात महिनाअखेरपर्यंत लिहिलंय."

"आगाऊ काम उरकायची आमच्याकडे पद्धत आहे."

"पण कबुतरं आत जाताना आम्ही पाहिली," पाना म्हणाली. "तीन आठवडे होत आले झाकण उघडं आहे."

"आज उघडलं असेल हवा खेळायला. उद्या बंद होईल." साहेबांनी पेपर उचलला. "तीन आठवडे उघडं आहे म्हणता, तर तसा लेखी पुरावा आणा. मोठ्या माणसाचा. शाळेला सुट्टी लागली की आमच्याकडे तक्रारी वाढतात."

बाहेर आल्यावर दोघी पायरीवर बसल्या.

"पुरावा आहे की," पाना म्हणाली. "मामांची वही. एकही रात्र चुकलेली नाही."

"ती दाखवली तर तारा हा बल्ब होता हे सगळ्यांना कळेल. दुर्बीण जाईल."

"मग?"

"टाकीवाल्यालाच गाठू. तो नुसतं झाकण लावेल. मामाला काही सांगायला नको."

पण टाकीवाला दोन आठवड्यांच्या रजेवर होता, आणि त्याच्या बदली नेमलेल्या माणसाला आपण नेमलेलो आहोत हे माहीत नव्हतं. टाकीच्या शिडीला कुलूप होतं. प्लंबरकाकांनी संध्याकाळी घरोघर जाऊन पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं. लोक म्हणाले, खात्याचं पत्र दाखवा.

त्या रात्री टिल्लूने अकरा फेऱ्या मारल्या. शुक्रवारी पहाटे त्याचे डोळे आत गेले होते आणि तो हाक मारल्यावर नुसतं 'हं' म्हणत होता. मामी आणि शंकी त्याला रिक्षात घालून डॉक्टरकडे घेऊन गेल्या. तिथे बाकं भरलेली होती. पलंग कमी पडल्यामुळे एका टेबलावर दोन मुलं उलटसुलट झोपवली होती, त्यातला एक टिल्लू.

"बाहेरचं खाल्लं असेल," डॉक्टर सलाइन लावताना म्हणाले.

टिल्लूने डोळे किलकिले केले. "आतलंच खाल्लं. तेही राहत नाहीये."

शंकी तिथून चालत दुकानात आली. चालताना तिने वाक्यं जुळवली होती, ती पायरी चढताना मोडली. मामाच्या एका डोळ्याला भिंग लावलेलं होतं आणि त्याच्यासमोर एका मनगटी घड्याळाचं पोट उघडं पडलं होतं.

"मामा, तुझा तारा टाकीच्या झाकणावर आहे."

मग तिने बाकीचं सांगितलं. बल्ब, मंगळवार, कबुतरं, रजिस्टर. मामा मान खाली घालून ऐकत होता. सगळं सांगून झाल्यावर तो उठला, चष्मा लावला आणि गच्चीवर गेला. शंकी मागून गेली. भर उन्हात तो टेकडीकडे बघत उभा राहिला. दुर्बिणीला त्याने हात लावला नाही. टाकी नुसत्या डोळ्यांनीही चांगली दिसत होती.

"दुर्बीण आली तेव्हापासून मी इथून चष्मा लावून एकदाही पाहिलं नव्हतं," तो म्हणाला.

खाली येऊन त्याने घड्याळाचं काम पुढे चालू केलं. चिमट्यातलं चक्र दोनदा खाली पडलं. शंकीने मामाच्या हातून काही पडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"वही कोणाला दाखवायलाच हवी असं नाही," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी सुचेल."

"काय सुचेल?"

तिने खाली पडलेलं चक्र उचलून त्याच्या चिमट्यात दिलं.

"टिल्लू कसा आहे?"

"सलाइन लावलंय."

मामाने घड्याळ मिटलं, किल्ली दिली, कानाला लावलं. "वहीत तीन मंगळवार आहेत," तो म्हणाला. "तिन्ही मंद. एखादा असता तर योगायोग म्हणाले असते. तीन आहेत." त्याने काचेखालचं मंडळाचं पत्र जरा सरळ केलं. "रविवारी अध्यक्ष येणार आहेत. फोटोत सरकारी माणूस असावा म्हणून त्यांनी प्रमुख पाहुण्यांना बोलावलंय. कोण आहेत ठाऊक आहे? पाणीखात्याचे साहेब."

शंकीने त्याच्याकडे पाहिलं. मामा हसत नव्हता, पण त्याने घड्याळ तिच्या हातात दिलं. "हे पानाला दे. सेकंदाला सेकंद चालतं. टाकीच्या बल्बचा खटका कुठे असतो, तेवढं तिच्या बाबांना विचारून ये."

संध्याकाळी मामीला सगळं कळलं. तिने भाताचं पातेलं उतरवलं. मग म्हणाली, "नाव दिलं नव्हतंस तेवढं बरं." आणि मामाच्या ताटात भात जरा जास्त वाढला.

रविवारपर्यंत कोणीतरी झाकण लावेल अशी शंकीला आशा होती. तक्रार ऐकून साहेब काहीतरी करतील, तारा आपोआप विझेल, मामाला लोकांसमोर काही सांगावं लागणार नाही. शुक्रवारी रात्री तारा होता. शनिवारीही होता. मामाने दोन्ही नोंदी नेहमीच्या अक्षरात केल्या. रजिस्टरमध्ये दोन्ही दिवशी झाकण बंद होतं.

रविवारी साडेसातला गच्चीवर वीस-पंचवीस माणसं जमली. बरीचशी अशक्त होती. अध्यक्ष पांढऱ्या कपड्यांत आले. साहेब आपली बाटली घेऊन आले आणि शंकीला बघून न बघितल्यासारखं करून खुर्चीवर बसले. टिल्लू शालीत गुंडाळलेला होता. पाना कुठे दिसत नव्हती.

अध्यक्षांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि तसेच राहिले.

"मित्रांनो," ते शेवटी म्हणाले, "मी आजवर पुष्कळ आकाश पाहिलं आहे. हा तारा आहे. अंतर किमान चारशे प्रकाशवर्षं. आपण आज पाहतोय तो प्रकाश तिथून निघाला तेव्हा आपले खापरपणजोबाही जन्मले नव्हते."

लोकांनी बेताने टाळ्या वाजवल्या. मामाने वही पुढे केली.

"मी आजपर्यंतच्या एकवीस रात्रींच्या नोंदी केल्या आहेत," तो म्हणाला. "बरोबर वाटत असतील तर सही करा. नाहीतर करू नका."

अध्यक्षांनी पानं चाळली आणि ऐटीत सही केली. खाली लिहिलं : 'एकवीस रात्री अखंड दिसलेला प्रकाश. तपासला, खरा आहे.'

"प्रमुख पाहुण्यांचीही हवी," शंकी म्हणाली. "लेखी असलेलं बरं. मोठ्या माणसाचं."

साहेबांना हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं असावं, कारण ते क्षणभर थबकले. पण फोटोवाला समोर उभा होता. त्यांनी दुर्बिणीतून पाहिलं, 'वा' म्हणाले आणि सही केली. तारीख घातली. वेळही घातली. घड्याळवाल्याच्या घरी आल्यावर माणसं वेळ घालतात.

मामाने मनगटाकडे पाहिलं. "साहेब, आता आठ वाजतील. पुन्हा एकदा डोळा लावा."

साहेबांनी लावला. आठ वाजले.

"गेला," साहेब म्हणाले.

"काय गेलं?" अध्यक्ष पुढे झाले.

"तारा. आला. अहो, पुन्हा गेला."

अध्यक्षांनी त्यांना बाजूला सारून पाहिलं. तारा बरोबर दहा सेकंद विझला, दहा सेकंद लागला, पुन्हा विझला. चारशे प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्याचा खटका जमिनीवर सापडण्याची ही पहिलीच वेळ असावी. टेकडीच्या पायथ्याशी, पाण्याच्या पंपाच्या खोलीबाहेर, पाना हातातल्या घड्याळाकडे बघत बल्बचा खटका खाली-वर करत होती. शेजारी प्लंबरकाका उभे होते.

"मंडळी, हा तारा नाही," मामा म्हणाला. त्याने चष्मा लावलेला होता, म्हणून त्याला सगळे चेहरे दिसत होते. शंकीला वाटलं, आज तरी काढायचा. "ते आपल्या पाण्याच्या टाकीचं उघडं झाकण आहे. आत बल्ब आहे. मी त्याला तारा समजलो. चूक माझी. पण झाकण एकवीस रात्री उघडं आहे, आणि ते दोन मोठ्या माणसांनी आत्ता सही करून मान्य केलं आहे. आपली पोटं त्यामुळे बिघडली आहेत. माझा भाचा त्यामुळे टेबलावर झोपला."

मागून कोणीतरी हसलं. मग त्याला पोटाची आठवण झाली आणि तो थांबला. लोक एकेक करून साहेबांकडे वळले. साहेबांनी बाटलीचं बूच लावलं.

"हे रजिस्टरमध्ये नाही," ते म्हणाले.

"आता वहीत आहे," मामी म्हणाली.

त्यानंतर खात्याला घाई झाली. रात्री साडेनऊला कोणीतरी शिडीचं कुलूप तोडलं. सोमवारी टाकी उपसली, मंगळवारी धुतली. मंगळवारी तसंही पाणी बंदच असतं, त्यामुळे कोणाची गैरसोय झाली नाही. आतून चार कबुतरं निघाली. अहवालात दोन लिहिली.

मुलांचं कौतुक झालं. डॉक्टर म्हणाले की आपल्याला संशय होताच. पुढच्या रविवारी साहेबांनी सत्कार केला आणि भाषणात 'आमच्या सतर्क खात्याने मुलांच्या सहकार्याने' असे शब्द तीनदा वापरले. शंकी, पाना आणि टिल्लू यांना एकेक पेन मिळालं. टिल्लूचं चालत नव्हतं. प्लंबरकाकांनी मामाच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ते एवढंच म्हणाले, "वही चांगली ठेवलीत." त्या सगळ्या कौतुकातलं तेवढंच मामाने ऐकलं असं शंकीला वाटलं.

दुर्बीण परत गेली नाही. मामावर कारवाई करायची तर वही पुढे आणावी लागली असती, आणि वहीत अध्यक्षांची सही होती. मंडळाने पत्र पाठवून कळवलं की असा काही प्रकार झालेला नाही.

सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी मामाने तिपाईच्या विटा काढल्या. दुर्बीण पुन्हा सगळीकडे फिरू लागली.

"आता काय बघायचं?" शंकीने विचारलं.

"चष्मा लावून जे दिसेल ते आधी," मामा म्हणाला. "मग बाकीचं."

ते दोघं अंधार पडायची वाट बघत बसले. पण त्याच दिवशी खात्याने टाकीवर सुरक्षेसाठी मोठा दिवा बसवला होता. तो सातला लागला, आणि रोज पहाटे सहापर्यंत चालू असतो. त्या गच्चीवरून आता चंद्र सोडून काही दिसत नाही.